शिळं म्हणजे फेकायचं नाही, विचारायचं: प्रॉक्सी कॅशे पान परत कधी आणते

प्रॉक्सी सर्व्हर, म्हणजे आपण आणि साइट यांच्या मधे बसून पानं आणून देणारा आणि त्यांची प्रत जवळ ठेवणारा सर्व्हर, पहिल्यांदा हातात आला की हा प्रश्न हमखास पडतो. साइटवर पान बदललंय, मोबाईलच्या डेटावर नवीन दिसतंय, पण लॅबमधल्या मशीनवर अजून कालचंच येतंय, मग हा डबा ठरवतो तरी कसं की आता परत आणायचं का जवळ आहे तेच द्यायचं? बरेच जण वैतागून सगळी कॅशे, म्हणजे जवळ साठवलेल्या प्रती, पुसून टाकतात, तेवढ्यापुरतं काम होतं आणि दोन दिवसांनी परत तेच. म्हणून एकदा नीट समजून घेऊ. यात अंदाजपंचे काही नाही, दोन तारखांची वजाबाकी आणि एक टक्केवारी एवढंच गणित आहे.

मी इथे स्क्विड नावाचा प्रॉक्सी प्रोग्राम धरून सांगतोय कारण शिकायला तोच सगळ्यात बरा, फुकट आहे, कुठल्याही लिनक्सवर पाच मिनिटांत बसतो आणि कॅशेनं काय ठरवलं ते लॉगमध्ये स्पष्ट लिहून ठेवतो. १९९६ पासून चालू आहे, त्याआधीच्या हार्वेस्ट नावाच्या रिसर्च प्रोजेक्टमधून निघाला. तेव्हा लाइन महाग आणि स्लो असायची, एकच पान पन्नास जणांसाठी पन्नास वेळा आणणं परवडायचंच नाही, तिथून हे सगळं आलं.

आधी दोन शब्द डोक्यात पक्के करा. कॅशेमधलं पान एकतर ताजं असतं नाहीतर शिळं. ताजं असेल तर प्रॉक्सी मूळ सर्व्हरला फोनसुद्धा करत नाही, सरळ देऊन टाकते. शिळं झालं की मात्र नवीन माणूस इथेच चुकतो, त्याला वाटतं शिळं म्हणजे पान डिलीट झालं. तसं नाहीये. शिळं म्हणजे "देण्याआधी एकदा विचारून घे" एवढंच. पान डिस्कवर तसंच पडून असतं आणि दहातल्या बऱ्याच वेळा मूळ सर्व्हर सांगतो की काही बदललेलं नाही, तेच दे.

पायरी १: आधी स्वतःच्या डोळ्यांनी हेडर बघा

हेडर म्हणजे पानासोबत सर्व्हर पाठवतो त्या माहितीच्या ओळी. कॉन्फिग फाइलला हात लावायच्या आधी हे करा, प्लीज. ब्राउझरमध्ये एफ १२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा, पान रिलोड करा आणि सगळ्यात वरच्या रिक्वेस्टवर क्लिक करून रिस्पॉन्स हेडर वाचा. टर्मिनलची सवय असेल तर कर्ल ही कमांड वापरा, मोठा आय फ्लॅग दिला की फक्त हेडर येतात, आणि छोटा एक्स फ्लॅग देऊन प्रॉक्सीचा पत्ता आणि पोर्ट दिला की तीच रिक्वेस्ट प्रॉक्सीमधून जाते. स्क्विडचा नेहमीचा पोर्ट ३१२८. एकदा थेट मारा, एकदा प्रॉक्सीमधून मारा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.

बघायच्या ओळी थोड्याच आहेत. डेट म्हणजे सर्व्हरनं उत्तर बनवलं ती वेळ, लास्ट-मॉडिफाइड म्हणजे पान शेवटचं कधी बदललं, एक्स्पायर्स आणि कॅशे-कंट्रोल म्हणजे किती वेळ ठेवायचं, ई-टॅग म्हणजे त्या पानाच्या त्या आवृत्तीची खूणचिठ्ठी, आणि एज म्हणजे वाटेतल्या कॅशेत हे उत्तर किती सेकंद पडून आहे. या वेळा जीएमटीमध्ये असतात हे विसरू नका. १० वाजले दिसले तर आपल्याकडे दुपारचे साडेतीन, मला कितीतरी लोकांनी "सर्व्हरचं घड्याळ साडेपाच तास मागे आहे" असं सांगितलंय आणि दर वेळी हेच निघालं.

पायरी २: सर्व्हरनं काही सांगितलंय का?

सांगितलं असेल तर कॅशे ऐकते, विषय संपला. कॅशे-कंट्रोलमध्ये मॅक्स-एज ३६०० असेल तर एक तास ताजं. एस-मॅक्सएज असेल तर प्रॉक्सीसारख्या सामायिक कॅशेनं तोच आकडा धरायचा, मॅक्स-एज मग फक्त ब्राउझरसाठी. दोन्ही नसतील आणि एक्स्पायर्समध्ये तारीख असेल तर ती. मॅक्स-एज आणि एक्स्पायर्स दोन्ही असतील तर मॅक्स-एज जिंकतो.

आता एज. समजा मॅक्स-एज ३६०० आहे आणि सोबत एज ३००० आलंय. म्हणजे मधल्या कुठल्यातरी कॅशेत हे पान ५० मिनिटं बसून आलंय, तुमच्याकडे आल्यावर त्याला फक्त ६०० सेकंद उरलीत. तासभर मिळतील असं धरून बसलेल्या माणसाला दहा मिनिटांत रिक्वेस्ट बाहेर गेलेली दिसते आणि तो कॉन्फिगमध्ये चूक शोधत बसतो.

नो-कॅशे आणि नो-स्टोअर यातला गोंधळ तर अगदी जुना आहे. नो-कॅशे या नावावरून वाटतं की ठेवायचंच नाही, पण अर्थ असा की ठेव, फक्त दर वेळी देण्याआधी विचार. अजिबात ठेवू नको म्हणायचं असेल तर नो-स्टोअर. आणि प्रायव्हेट म्हणजे ब्राउझरनं ठेवलं तर चालेल, प्रॉक्सीनं ठेवायचं नाही, लॉगिन केल्यावर दिसणारी पानं अशी असायला पाहिजेत. तुम्ही स्वतः साइट बनवत असाल तर हे तीन शब्द तोंडपाठ करा, यातली चूक महागात पडते, एकाचं पान दुसऱ्याला दिसू शकतं.

पायरी ३: सर्व्हर गप्प असेल तर

सगळ्यात मजेशीर भाग हा, आणि मला याबद्दल खरंच आपुलकी आहे. असंख्य पानांवर मॅक्स-एज नसतो, एक्स्पायर्स नसतं, काहीच नसतं, फक्त लास्ट-मॉडिफाइड असतं. मग कॅशे काय करते? ती पानाच्या वयावरून अंदाज बांधते. जे पान वर्षभर बदललेलं नाही ते उद्या बदलेल याची शक्यता कमी, जे दहा मिनिटांपूर्वी बदललं ते परत लगेच बदलू शकतं. १९९२ साली व्हिन्सेंट केट यांनी ॲलेक्स नावाच्या फाइलसिस्टिममध्ये एफटीपीवरच्या (फाइल पाठवायची जुनी पद्धत) फाइल्ससाठी ही कल्पना वापरली होती, तीच पुढे वेब कॅशेमध्ये आली. आणि आजचं जे एचटीटीपी कॅशिंगचं स्टँडर्ड आहे, आरएफसी ९१११, २०२२ चं, त्यातसुद्धा वयाच्या १० टक्के हा साधारण वापरला जाणारा आकडा म्हणून दिलाय.

स्क्विड डिफॉल्टनं २० टक्के धरतो. चला कागदावर करून बघू. २ मार्चला १० वाजता पान आणलं, त्याचं लास्ट-मॉडिफाइड २० फेब्रुवारी १० वाजताचं. मधे १० दिवस. त्याच्या २० टक्के म्हणजे २ दिवस. म्हणजे ४ मार्च १० वाजेपर्यंत पान ताजं, तोवर कितीही जणांनी मागितलं तरी मूळ सर्व्हरला पत्ता लागत नाही. तेच पान आणण्याच्या ५० मिनिटं आधी बदललेलं असतं तर फक्त १० मिनिटं ताजं राहिलं असतं. आणि १०० दिवसांपूर्वी बदललेलं असेल तर हिशोबानं २० दिवस येतात, पण एवढं कोणी ठेवत नाही, वरून मर्यादा असते, स्क्विडच्या डिफॉल्ट फाइलमध्ये ती ४३२० मिनिटांची आहे, म्हणजे ३ दिवस.

हे गणित एकदा स्वतः करा, खरंच. एखादं साधं पान घ्या, दोन तारखा लिहा, वजाबाकी करा, पाचनं भागा. त्या वेळेच्या आधी एकदा आणि नंतर एकदा पान मागा आणि लॉग बघा. कुठल्याही व्हिडिओपेक्षा हे जास्त शिकवतं.

पायरी ४: विचारणं म्हणजे नक्की काय

शिळं पान कोणी मागितलं की प्रॉक्सी मूळ सर्व्हरला अटीवर रिक्वेस्ट पाठवते. इफ-मॉडिफाइड-सिन्स म्हणजे "या तारखेनंतर बदललं असेल तरच पाठव", इफ-नन-मॅच म्हणजे "माझ्याकडे ही ई-टॅग आहे, वेगळी झाली असेल तरच पाठव". दोन्ही असतील तर सर्व्हरनं ई-टॅग धरायची, कारण लास्ट-मॉडिफाइड एका सेकंदाच्या आतले बदल दाखवू शकत नाही. बदल नसेल तर उत्तर येतं ३०४, सोबत हेडर फक्त, पानाचा मजकूर नाही. दोन एमबीचा फोटो असेल तरी काहीशे बाइटमध्ये काम भागलं, आणि पानाचं घड्याळ नव्यानं सुरू. बदल असेल तर २०० आणि नवीन पान, ते जुन्याच्या जागी बसतं.

म्हणूनच मी म्हणतो की शिळं होण्याची एवढी धास्ती घेऊ नका. शिळेपणाचा खर्च म्हणजे एक छोटी चौकशी. खरी चिंता उलटी आहे, पान बदललेलं असताना कॅशेनं ते ताजं समजणं.

पायरी ५: आता स्क्विडची ती ओळ

डेबियन किंवा उबुंटूवर इटीसी फोल्डरमधल्या स्क्विडच्या फोल्डरात स्क्विड डॉट कॉन्फ ही फाइल असते. त्यात अशी ओळ सापडेल, फाइलमध्ये अर्थातच रोमन अक्षरात:

रिफ्रेश_पॅटर्न . ० २०% ४३२०

पहिला तो टिंब म्हणजे रेजेक्स, पत्ता जुळवायचा नमुना, इथे कुठलाही पत्ता चालेल. मग मिनिमम, टक्के, मॅक्सिमम. मिनिमम आणि मॅक्सिमम मिनिटांत आहेत, सेकंदात नाही, इथे बरेच जण घसरतात कारण हेडरमध्ये सगळं सेकंदात असतं. निर्णयाचा क्रम असा: सर्व्हरनं स्वतः मुदत दिली असेल तर या तिन्ही आकड्यांकडे बघायचंच नाही. दिली नसेल तर आधी बघायचं मॅक्सिममच्या पुढे गेलंय का, गेलं तर शिळं. मग लास्ट-मॉडिफाइड असेल तर टक्क्यांचं गणित. तेही नसेल तर मिनिमम, आणि डिफॉल्टमध्ये तो शून्य आहे, म्हणजे काहीच माहिती न देणारं पान लगेच शिळं. हे बरोबरच आहे. ज्याच्याबद्दल काही माहीत नाही ते न विचारता देऊ नये.

ओळी वरून खाली वाचल्या जातात आणि पहिली जुळलेली ओळ लागू होते. टिंबवाली ओळ सगळ्यात खाली पाहिजे, तिच्या खाली काही लिहिलंत तर त्याचा काही उपयोग नाही. तिच्या वर अजून एक ओळ असते, पत्त्यात प्रश्नचिन्ह किंवा सीजीआय-बिन असेल तर ० ०% ०, तिला हात लावू नका.

आणि आता जे सांगतोय ते मनापासून सांगतोय. या ओळीच्या शेवटी काही पर्याय लावता येतात, ओव्हरराइड-एक्स्पायर, ओव्हरराइड-लास्टमॉड, इग्नोर-रिलोड, म्हणजे सर्व्हरची मुदत, पानाची तारीख आणि माणसानं मारलेलं रिलोड यांच्याकडे दुर्लक्ष करणारे. नेटवर अशा तयार ओळी भरपूर फिरतात, "हिट रेट वाढवा" म्हणून, हिट रेट म्हणजे शंभरातल्या किती रिक्वेस्ट कॅशेमधूनच भागल्या ते. मी एका कॉलेजची लॅब सांभाळायचो तेव्हा अशीच एक ओळ उचलून टाकली होती, टिंबाच्या जागी, मिनिमम १४४० आणि हे तिन्ही पर्याय. हिट रेट खरंच वाढला आणि मी खूश होतो. पंधरवड्यानं परीक्षेचं वेळापत्रक दुपारी बदललं, सकाळचा पेपर होता तो आदल्या दिवशीवर आला, नोटिसचा पत्ता तोच, पण जुनं पान आमच्या प्रॉक्सीत सकाळीच बसलेलं. मुलं लॅबमध्ये बघतायत, रिलोड मारतायत, जुनंच दिसतंय, कारण इग्नोर-रिलोडमुळे त्यांचं रिलोडसुद्धा मी बंद करून ठेवलं होतं. एक मुलगी दुसऱ्या दिवशी पेपर संपायला अर्धा तास असताना आली. तिचा चेहरा मला अजून आठवतो. विभागप्रमुखांनी तिची परीक्षा परत घ्यायला लावली म्हणून निभावलं, पण त्या दिवसापासून सगळ्यांसाठी असलेल्या ओळीवर मी असले पर्याय कधीच लावले नाहीत. सर्व्हर जे सांगतो ते मोडून काढायचं असेल तर फक्त अशा फाइलसाठी मोडा जी बदलूच शकत नाही.

पायरी ६: जिथे कॅशे खरंच कामाला येते

मग अशी फाइल कुठली? लॅबमध्ये ४० डेबियन मशीन आहेत असं धरा, सगळ्यांना अपडेट लागतात. डेबियनचे पॅकेज बऱ्याच ठिकाणी अजून साध्या एचटीटीपीवरून येतात, खरेपणा सह्यांवरून तपासला जातो म्हणून ते चालतं. डॉट डेब, म्हणजे पॅकेजच्या, फाइलच्या नावातच व्हर्जन नंबर असतो, नवीन व्हर्जन म्हणजे नवीन नाव, जुनी फाइल आतून कधी बदलत नाही. अशा फाइलसाठी मिनिमम १२९६००, टक्के १००, मॅक्सिमम १२९६०० लिहा, म्हणजे ९० दिवस, बिनधास्त. एकदा आली की बाकी ३९ मशीनना लॅबमधूनच मिळते.

पण त्याच सर्व्हरवर इनरिलीज आणि पॅकेजेस नावाच्या याद्या असतात, त्यांचं नाव तेच राहतं आणि आतला मजकूर बदलत राहतो. त्यांना वेगळी ओळ द्या, ० ०% ०, आणि ही ओळ वर ठेवा. एक यादी नवीन आणि दुसरी जुनी अशी जोडी मशीनला मिळाली तर ॲप्ट, म्हणजे डेबियनचा पॅकेज बसवणारा प्रोग्राम, "हॅश सम मिसमॅच" म्हणून थांबतो, तो एरर बघून लोक मशीन फॉरमॅट करायला निघतात आणि चूक असते प्रॉक्सीच्या एका ओळीत.

अजून दोन गोष्टी ज्या नवीन माणसाला कोणी सांगत नाही. स्क्विडमध्ये डिफॉल्टनं डिस्कवरची कॅशे बंदच असते, कॅशे_डिर ची ओळ उघडल्याशिवाय सगळं फक्त मेमरीत राहतं आणि रिस्टार्ट झालं की गेलं. दुसरं, मॅक्सिमम_ऑब्जेक्ट_साइझ डिफॉल्ट ४ एमबी आहे, म्हणजे मोठे पॅकेज ठेवलेच जात नाहीत, तुम्ही रिफ्रेशच्या ओळीशी कितीही खेळलात तरी. तो वाढवा, आणि वाढवलेली ओळ कॅशे_डिर च्या वर लिहा, खाली लिहिली तर लागू होत नाही.

पायरी ७: लॉग वाचा

बदल केल्यावर स्क्विडला हायफन के पार्स देऊन फाइल तपासा, मग हायफन के रिकॉन्फिगर. लॉग व्हार फोल्डरमधल्या लॉगमध्ये, स्क्विडच्या नावाखाली, ॲक्सेस डॉट लॉग. टीसीपी_हिट किंवा टीसीपी_मेम_हिट म्हणजे ताजं होतं, न विचारता दिलं. टीसीपी_मिस म्हणजे नव्हतंच. टीसीपी_रिफ्रेश_अनमॉडिफाइड म्हणजे शिळं होतं, विचारलं, ३०४ आलं. टीसीपी_रिफ्रेश_मॉडिफाइड म्हणजे विचारलं आणि खरंच बदललेलं निघालं. टीसीपी_क्लायंट_रिफ्रेश_मिस दिसलं तर समोरच्यानं ब्राउझरमध्ये कंट्रोल शिफ्ट आर दाबलंय.

माझा नियम असा. एखाद्या साइटसाठी अनमॉडिफाइड ढिगानं आणि मॉडिफाइड जवळजवळ नाहीच असं दिसलं तर तिथे थोडा जास्त वेळ द्यायला हरकत नाही. मॉडिफाइड वारंवार येत असेल तर वेळ कमी करा. आठवडाभराचा लॉग बघून ठरवा, एका दुपारवर नाही.

लॉगमध्ये बहुतेक ओळी टीसीपी_टनेल दिसतील, घाबरू नका. एचटीटीपीएसवर प्रॉक्सीला फक्त कुठल्या सर्व्हरकडे चाललंय तेवढं दिसतं, आतलं पान दिसत नाही, म्हणून ठेवताही येत नाही. एसएसएल बंप म्हणून प्रकार आहे ज्यात प्रॉक्सी मधे उभी राहून उघडून बघते, त्यासाठी प्रत्येक मशीनवर आपलं सर्टिफिकेट बसवावं लागतं. संस्थेच्या स्वतःच्या मशीनवर, सगळ्यांना सांगून, कारण असेल तर करा. लोकांच्या खाजगी मोबाईलवर करू नका, त्यांचे बँकेचे व्यवहार त्यातून जातात.

त्यामुळे आज हे ज्ञान जास्त लागतं ते दुसऱ्या बाजूला, म्हणजे स्वतःच्या साइटसमोर एनजिनएक्स किंवा वार्निश असा कॅशे ठेवणारा सर्व्हर लावताना. तिथे टक्क्यांचा अंदाज धरून चालू नका. वार्निशला मुदत सांगितली नाही तर तो १२० सेकंद धरतो. एनजिनएक्स तर हेडरमध्ये मुदत नसेल आणि प्रॉक्सी_कॅशे_व्हॅलिड लिहिलं नसेल तर ठेवतच नाही, आणि शिळं झाल्यावर ३०४ विचारण्यासाठी प्रॉक्सी_कॅशे_रिव्हॅलिडेट वेगळं ऑन करावं लागतं, नाहीतर पूर्ण पान परत आणतो. इथे मालक तुम्हीच आहात, तर मुदत स्वतः सांगा. सीएसएस, जावास्क्रिप्ट, फोटो यांच्या नावात व्हर्जन घाला आणि एक वर्ष द्या, म्हणजे ३१५३६०००, आणि ज्या पानातून ते बोलावले जातात त्या पानाला नो-कॅशे द्या. डेब फाइल आणि याद्यांची तीच गोष्ट.

एवढं करूनही आकडे जुळत नसतील तर प्रॉक्सीचं घड्याळ बघा. सगळं गणित तारखांच्या वजाबाकीवर आहे, घड्याळ चुकलेलं असेल तर ताजं-शिळं ठरवायचा हिशोबही चुकतो. मदरबोर्डचा सेल गेलेल्या जुन्या मशीनवर हे नेहमीचं, लाइट गेली की तारीख कुठल्या कुठे. डेट कमांड मारा, एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवणारी सेवा) चालू आहे का बघा, आणि मगच कॉन्फिग परत उघडा.